पाणचक्की बंद पडते, तेव्हा आधी काय जाते?

मल्हारगंजकर (इंदूर)

पाणचक्क्यांविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात त्यांच्या अंताचे खापर बहुतेक वेळा विजेच्या चक्कीवर फोडलेले असते. मोटार आली, गल्लोगल्ली आटा चक्क्या झाल्या आणि पाण्यावर फिरणारे दगड थांबले, असा सरळ हिशेब मांडला जातो. मला हा हिशेब अपुरा वाटतो, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे की पाणचक्कीचा दगड सहसा शेवटी थांबतो, त्याच्या पुष्कळ आधी वरचे पाणी गेलेले असते. कुणी ते दुसऱ्या कामासाठी वळवलेले असते, कुणी त्याच्या वाटेवर घर बांधलेले असते, किंवा ती वाट साफ ठेवणारी संस्थाच उरलेली नसते.

आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या पाणचक्कीचे आहे. इंदूरहून वेरूळ-अजिंठ्याला जाणारी मंडळी तिथे पाऊण तास थांबतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे आणि चक्की त्याच आवारात आहे. हे बाबा बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे, नक्शबंदी परंपरेतले. औरंगजेबाच्या काळात ते इथे स्थिरावले. आश्रयाला येणारे फकीर, यात्रेकरू आणि शिष्य यांच्यासाठी रोज पीठ लागत असे आणि चक्की त्यासाठीच होती. नदी आवाराला लागूनच वाहते, तरीही चक्की नदीच्या पाण्यावर चालत नसे. उत्तरेच्या डोंगरांतून, हर्सूलच्या बाजूने, कित्येक किलोमीटरवरून मातीच्या भाजलेल्या नळ्यांतून पाणी आणलेले होते. ते दाबाने एका उंच दगडी भिंतीवर चढे, तिथून हौदात पडे आणि हौदातून चक्कीच्या पात्यांवर जाई.

हौदापाशी क्षणभर थांबून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे, जी घाईत नजरेतून सुटते. त्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. जाडजूड खांबांवर ते छत तोललेले आहे आणि त्याच्यावर सारे पाणी उभे आहे. ज्यांनी पाण्याच्या ओझ्याखाली माणसांना राहण्याची जागा केली, त्यांनी पाणी कायम राहील हे गृहीत धरूनच बांधकाम केले होते.

त्याही आधी, 1610 मध्ये, मलिक अंबरने खडकी हे नगर वसवले आणि पुढे तिथे नहर-ए-अंबरी आणली. नहरी बांधण्याची विद्या त्या गावाला तेव्हापासून ठाऊक होती. कालांतराने शहर वाढले, नळ्यांवर रस्ते आणि घरे आली, जागोजागी नळ्या फुटल्या. चक्कीचे दगड आजही जागेवर आहेत आणि पर्यटकांना ती फिरवून दाखवली जाते, परंतु पीठ दळण्याचे तिचे काम केव्हाच संपले. मग या चक्कीला मोटारीने मारले असे म्हणायचे, की नहर सांभाळणाऱ्यांच्या अभावाने?

जाणकारांनी लिहावे. विशेषतः आपल्या माळव्यात पाणचक्क्यांची परंपरा का रुजली नाही, यावर कुणी प्रकाश टाकला तर बरे होईल.

रामबाग_निवासी (इंदूर)

मल्हारगंजकर साहेब, विषय उत्तम काढलात. तरी मोटारीला इतक्या सहजपणे निर्दोष सोडू नका. हिमालयातल्या पारंपरिक घराटावर, म्हणजे तिकडच्या पाणचक्कीवर, ताशी साधारण दहा-वीस किलो दळण होते. आपल्या जेल रोडच्या बाजूची कुठलीही दहा अश्वशक्तीची चक्की तेवढे दळण चहा येईपर्यंत उरकते. गृहिणीने डोक्यावर पायली घेऊन ओढ्यापर्यंत उतरायचे, रांगेत बसायचे आणि संध्याकाळी पुन्हा चढ चढायचा, यापेक्षा कोपऱ्यावरची चक्की तिने निवडली तर त्यात नवल कसले? पाणी खळखळत असूनही गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडलेली घराटे उत्तराखंडात कितीतरी आहेत. तिथे आधी गेले ते गिऱ्हाईक, पाणी नव्हे.

खजुरी_बाजार (इंदूर)

यंत्राची रचना समजल्याशिवाय ही चर्चा हवेत राहील, म्हणून तेवढे लिहितो. जाणकारांनी वगळावे.

आपल्याकडच्या बहुतेक पाणचक्क्यांचे चाक आडवे असते. चित्रांत दिसते तसे रहाटासारखे उभे चाक इकडे विरळा. वरून लाकडी पन्हळीतून पाणी तिरके येते आणि चाकाच्या पात्यांवर आदळते. चाकाच्या मधोमध उभा दांडा असतो, तो खालच्या तळीच्या, म्हणजे दगडाच्या, भोकातून वर येतो आणि वरच्या तळीला धरून फिरवतो. मध्ये दंतचक्रे नसतात, त्यामुळे चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. खालच्या तुळईला जोडलेल्या खुंटीने दांडा केसभर वर-खाली करता येतो, आणि पीठ बारीक की रवाळ हे त्या केसभर अंतरावर ठरते. बाफल्यांना जाडे पीठ हवे आणि पोळ्यांना बारीक, हे इंदूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

सर्वांत चतुर भाग वरचा आहे. धान्याची टोपली दगडाच्या वर टांगलेली असते आणि तिच्या तोंडाला लहानशी पन्हळ असते. त्या पन्हळीला बांधलेली एक काडी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगड खडबडीत असल्यामुळे काडी थडथडत राहते, पन्हळ हलते आणि दाणे एकेक करून दगडाच्या तोंडात पडतात. पाण्याचा जोर वाढला की दगड वेगाने फिरतो, काडी जास्त थडथडते आणि दाणेही जास्त पडतात. पाणी मंदावले की वैरणही आपोआप मंदावते. जात्यावर बसलेल्या बाईचा डावा हात जे काम करतो, ते इथे एक काडी करते.

शक्तीचा अंदाजही सांगतो. दर सेकंदाला पन्नास लिटर पाणी तीन मीटर उंचीवरून पडले, तर त्यात साधारण दीड किलोवॅट, म्हणजे दोन अश्वशक्ती असते. लाकडी आडवे चाक त्यातला जेमतेम पाव हिस्सा पकडते, म्हणजे हाती अर्धी अश्वशक्ती येते. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन याने 1759 साली प्रयोग करून दाखवले की वरून पाणी घेणारे उभे चाक सुमारे दोन-तृतीयांश शक्ती पकडते, तर खालून ढकलले जाणारे चाक त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा घराटाचे ताशी दहा किलो हा पाण्याचा दोष नसून चाकाचा आहे. चाक सुधारले तर तेच पाणी कितीतरी अधिक दळेल. डेहराडूनच्या हेस्को या संस्थेने डॉ. अनिल जोशी यांच्या पुढाकाराने घराटांवर नेमके हेच काम केले. जुन्या लाकडी पात्यांच्या जागी सुधारित धातूची चाके बसवली आणि काही ठिकाणी त्याच चाकावर वीजनिर्मितीही सुरू केली.

निवृत्त_पाटबंधारे (इंदूर)

माझी नोकरी पाटबंधाऱ्यांत गेली, म्हणून कालव्यांवरच्या चक्क्यांविषयी लिहितो. मूळ लेखातल्या मुद्द्याला यातून बळ मिळते.

गंगेचा मोठा कालवा प्रोबी कॉटली याच्या आराखड्याप्रमाणे 1854 साली सुरू झाला. जमिनीचा उतार कालव्याला मानवतो त्यापेक्षा जास्त असल्यामुळे हरिद्वारच्या खाली ठिकठिकाणी कालव्याला पायरी देऊन पाणी खाली उतरवावे लागले. तिकडे या पायऱ्यांना झाल म्हणतात. पाणी उतरणारच आहे तर त्याची शक्ती वाया का घालवावी, म्हणून या झालींच्या बाजूला पाणचक्क्या बांधल्या गेल्या आणि त्यांचे भाडे सरकारजमा होऊ लागले. पाणचक्कीसाठी यापेक्षा चांगली जागा सापडणे कठीण. बारमाही पाणी, ठरलेली उंची, पूर नाही आणि दुरुस्तीला सरकारी खाते हजर!

मग 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून याच झालींवर जलविद्युत केंद्रे उभी राहू लागली. बहादराबाद, भोला, पालडा, सुमेरा ही नावे त्या साखळीतली आहेत. उंची तीच आणि पाणीही तेच. जे पाणी दगड फिरवत होते, ते जनित्र फिरवू लागले आणि त्या विजेवर दूरच्या गावांतल्या नळविहिरींचे पंप चालले. रामबागवाल्यांचे म्हणणे आहे की मोटारीने चक्की मारली. इथे असे दिसते की मोटारीने चक्कीचेच पाणी घेऊन चक्कीला मारले. गिऱ्हाईक आणि पाणी दोन्ही एकाच दाराने गेले.

सुरसागर_काठ (बडोदा)

आमच्याकडचे उदाहरण थोडे निराळे आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात आजव्याचे सरोवर बांधले गेले आणि शहराला तिथून उताराने पाणी मिळू लागले. पण जे पाणी पिण्यासाठी बंद नळातून आणायचे, त्याच्या वाटेत कुणी चाक बसवू देत नाही. नळ आणि चक्की यांचे जमत नाही, असे माझे निरीक्षण आहे. विश्वामित्रीचे म्हणाल तर पावसाळ्यात ती शहरात शिरते आणि उन्हाळ्यात मगरींना पुरेल एवढीच उरते. तिच्यावर दगड फिरवण्याचा विचार कुणी केला असेल असे वाटत नाही.

शिवाजीनगर_काकू (इंदूर)

इथे सगळे पाण्याविषयी बोलत आहेत, दगडाविषयी कुणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. माहेरी जाते होते आणि समोर चक्कीवाले कुटुंब होते, त्यामुळे हे जवळून पाहिलेले आहे.

दगड दळून दळून गुळगुळीत होतो. मग पीठ नीट पडत नाही, नुसते रगडले जाते, गरम होते आणि पोळी चिवट होते. अशा वेळी वरचा दगड उचलून उलटा करायचा आणि त्याला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने त्याच्या खाचा पुन्हा कोरायच्या. मधल्या तोंडापासून कडेपर्यंत तिरक्या खाचा असतात. मधल्या भागात त्या खोल आणि कडेला उथळ ठेवतात, म्हणजे दाणा आधी फुटतो, मग भरडला जातो आणि कडेला येईतो पीठ होते. टाकी लावणाऱ्याच्या हाताच्या पाठीवर दगडाच्या चिलप्या उडून काळे ठिपके पडलेले असत. टाकी लावल्यावर पहिला घाणा कुणी घरच्यासाठी घेत नसे. त्यात कच असते. गुरांच्या आंबोणाचे भरड आधी काढून दगड धुतल्यासारखा करायचा, मग गहू.

दुसरे म्हणजे चक्की रिकामी फिरता कामा नये. दाणे संपले आणि दगडाला दगड घासला की ठिणग्या उडतात आणि दोन्ही तळ्या खराब होतात. विजेच्या चक्कीला खटका बंद करता येतो. पाण्याच्या चक्कीला आधी पन्हळ बाजूला सारून पाणी तोडावे लागते, म्हणजे माणूस सतत जवळ हवा. माझ्या मते ही माणसे गेली, हेही एक कारण आहे. रात्रंदिवस पाण्याशेजारी ओलीत बसायला पुढची पिढी का तयार होईल?

मल्हारगंजकर (इंदूर)

काकू, टाकीचे वर्णन वाचून समाधान झाले. माणसे गेली हे आपले म्हणणे मला नहरीच्या बाबतीतही लागू वाटते. नळ्यांतला गाळ काढणारा माणूस वर्षभर हवा असतो आणि त्याला पगार देणारी संस्थाही हवी असते. दर्ग्याच्या बाबतीत ती संस्था लंगर चालवत होती, तोवर चक्कीची आणि नहरीची गरज एकाच घरात होती. पुढे गरज राहिली नाही आणि खर्च मात्र राहिला.

रामबागवाले साहेब, गिऱ्हाईक आधी गेले, हे डोंगरातल्या लहान घराटांच्या बाबतीत पुष्कळ अंशी खरे आहे. पण त्या भागात ओढ्यावर वरच्या अंगाला सिंचनाच्या किंवा नळयोजनेच्या नळ्या टाकल्या गेल्या की खालच्या घराटाचे पाणी आटते, हेही तितकेच घडलेले आहे. जून 2013 च्या महापुरात तर ओढ्यांनी पात्रेच बदलली आणि काठावरची घराटे वाहून गेली.

माळव्याच्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे.

निवृत्त_पाटबंधारे (इंदूर)

माळव्याचे उत्तर आकड्यांत देतो.

इंदूरला वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. काळी माती पाणी धरून ठेवते, सोडत नाही. म्हणून खान, सरस्वती यांसारख्या लहान नद्या पूर्वीही उन्हाळ्यात जेमतेम वाहत. वर दिलेले सेकंदाला पन्नास लिटरचे प्रमाण धरा. दिवसाला दहा तास दळण केले तर अठरा लाख लिटर पाणी लागेल. कोरड्या आठ महिन्यांसाठी हा हिशेब त्रेचाळीस कोटी लिटरवर जातो, आणि एवढे करून हाती येते ती अर्धी अश्वशक्ती! बैल एका जागी बांधून फिरवला तरी तेवढे काम देतो. कोणते गाव या कामासाठी तलाव बांधेल?

यावर कुणी म्हणेल की चक्की पाणी पीत नाही, फक्त खाली सोडते, तेव्हा तेच पाणी पुढे शेताला द्यावे. तत्त्वतः बरोबर आहे आणि गंगा कालव्यावर तसेच होत होते. पण माळव्यात गव्हाला पाणी लागते ते ठरावीक अंतराने, हंगामात चार-पाच वेळा, आणि दळण लागते रोज. दोघांचे वेळापत्रक जुळवायचे तर मध्ये आणखी एक साठवण हवी.

जिथे उंची आहे तिथे पाणी नाही. महूजवळचा पाताळपाणीचा धबधबा पाहा, पावसाळ्यात कान बधिर करतो आणि मे महिन्यात नुसता खडक असतो. आणि जिथे बारमाही पाणी आहे त्या नर्मदेत पुराच्या वेळी पातळी इतकी चढते की महेश्वरच्या घाटाच्या पायऱ्याच्या पायऱ्या बुडतात. काठावर चाक बसवले तर हिवाळ्यात ते पाण्यापासून दूर आणि पावसाळ्यात पाण्याखाली.

लष्कर_ग्वाल्हेर (ग्वाल्हेर)

नर्मदेच्या मुद्द्यावर एक भर घालतो. पातळी बदलणाऱ्या नदीवर नावेत चक्की बसवण्याची युक्ती युरोपात शतकानुशतके चालली. तिचा प्रसिद्ध किस्सा इ.स. 537 मधला रोमच्या वेढ्याचा आहे. गॉथ लोकांनी शहराला पाणी आणणारे कालवे तोडले. त्या पाण्यावर जानिकुलम टेकडीवरच्या चक्क्या चालत होत्या, त्या थांबल्या आणि शहरात पीठ मिळेना. सेनापती बेलिसारियसने टायबर नदीत नावांच्या जोड्या दोरखंडाने बांधल्या, दोन नावांच्या मध्ये चाक आणि नावांवर दगड ठेवले. नदी चढली की नावही चढते, त्यामुळे पातळीचा प्रश्नच उरला नाही. शत्रूने वरून झाडांचे ओंडके सोडून चाके मोडायचा प्रयत्न केला, तेव्हा बेलिसारियसने पुलापाशी साखळ्या लावून ते अडवले. मूळ लेखकाच्या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. तिथे विजेची मोटार नव्हती, गिऱ्हाईक भुकेलेले होते, दगड शाबूत होते, आणि तरीही चक्क्या बंद पडल्या.

आमच्याकडे तिघऱ्याचे धरण 1917 साली फुटले, तेव्हा पाण्याने काय केले याच्या आठवणी जुन्या घरांत ऐकायला मिळतात, पण तो विषय वेगळा आहे, इथे वाढवत नाही.

रामबाग_निवासी (इंदूर)

हा किस्सा मला मान्य आहे, तरी शेवटचा आक्षेप नोंदवतो. शहरांपुरते बोलायचे तर पाणचक्कीचा खरा प्रतिस्पर्धी गल्लीतली चक्की नव्हतीच, लोखंडी रुळांची, म्हणजे फिरत्या रोलरांमध्ये गहू दळणारी, मोठी गिरणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडापेस्ट आणि पुढे अमेरिकेतले मिनिआपोलिस इथे रुळांच्या गिरण्यांनी दगडांना मागे टाकले. रुळांवर गव्हाचा कोंडा आणि अंकुर वेगळे काढता येतात. अंकुरात तेल असते आणि त्यामुळेच पीठ खवट होते. ते काढले की मैदा महिनोन्महिने टिकतो आणि आगबोटीने कुठेही पाठवता येतो. दगडावरचे पीठ ताजे खायचे असते, म्हणून दगडाची चक्की गावापुरतीच राहते. गंमत म्हणजे मिनिआपोलिसच्या त्या प्रचंड गिरण्यासुद्धा मिसिसिपीच्या धबधब्याच्या पाण्यावरच चालत होत्या. पाणी होते, मोटार नव्हती, आणि तरी लहान चक्की हरली. माळव्यात शरबती गहू घरी आणून, निवडून, कोपऱ्यावर दळून आणण्याची पद्धत अजून आहे, म्हणून आपल्याला दगडाचे पीठ मिळते, एवढेच.

मल्हारगंजकर (इंदूर)

आक्षेप वजनदार आहे. लहान चक्की हरण्याची कारणे अनेक आहेत, हे या धाग्यातून स्पष्ट झाले. माझा आग्रह आता एवढाच उरतो की जिथे चक्की वारसा म्हणून जपायची आहे, तिथे निधी मागताना दगड आणि इमारतीच्या आधी नहरीसाठी मागावा. नळाच्या पाण्याने किंवा पंपाने फिरवलेली पाणचक्की हे प्रदर्शन आहे, जतन नव्हे. इंदूरकरांना हे पटायला हरकत नसावी. 1978 पासून आपण नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून वीज जाळून पाचशे मीटरांहून अधिक उंच चढवतो आणि पितो, त्यामुळे उताराने आपोआप येणाऱ्या पाण्याची किंमत आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळायला हवी.

सुरसागर_काठ (बडोदा)

दिवाळीनंतर सहकुटुंब त्या बाजूला जाण्याचा विचार आहे. पाणचक्की पाहायची तर कशी पाहावी, हे कुणी सांगेल का?

मल्हारगंजकर (इंदूर)

बडोद्याहून इंदूरमार्गे येणार असाल तर वाटेत बुऱ्हाणपूरला थांबा आणि कुंडी भंडारा पाहा. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात पकडून शंभरावर कुंड्यांच्या माळेने शहरापर्यंत आणले आहे. पंप नाही, चाक नाही, नुसता उतार. ते पाहिल्यावर संभाजीनगरच्या नहरीची कल्पना चटकन समजते. तिथे पोहोचल्यावर चक्कीच्या खोलीत आधी शिरू नका. पाणी ज्या उंच भिंतीवरून पडते ती भिंत आधी पाहा, मग हौद, मग हौदाखालचे दालन, आणि सर्वांत शेवटी चक्की. दिवाळीनंतर गेलात तर हौदात पाणी असण्याची शक्यता चांगली. उन्हाळ्यात जाऊ नका. बुऱ्हाणपूरची मावा जिलबी सकाळी घ्या, दुपारनंतर ती गार मिळते.